अमेरिकेत पॉनशॉपमधून जुनी रायफल घेतात कशी? तिथला कायदा गिऱ्हाईक तपासतो, बंदूक नाही!

'पॉन स्टार्स'चे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. लास वेगासमधलं दुकान, काउंटरवर कुणीतरी आजोबांच्या माळ्यावरची वस्तू घेऊन आलेलं, मालक आधी चष्म्यातून वस्तूकडे बघतो, मग माणसाकडे, आणि मागितलेल्या किमतीच्या निम्म्यावर घासाघीस सुरू होते. २००९ पासून हा कार्यक्रम सुरू आहे. त्यात मधूनमधून बंदुकाही येतात. खाली कमेंट्समध्ये आपल्याकडच्या कुणाचा तरी प्रश्न ठरलेला असतो: भाऊ, तिकडे बंदूक पण गहाण ठेवतात? आणि ती सोडवली नाही तर दुकानदार कुणालाही विकून टाकतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, कुणालाही विकत नाही. पण या "नाही"च्या आत बरंच काही आहे. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींसाठी तर ते माहीत असणं गरजेचं आहे, कारण व्हिसावर असलेल्या माणसाला अशा दुकानातली रायफल नुसती हातात घेणंही महागात पडू शकतं. त्यावर पुढे येऊच.

पॉनशॉप म्हणजे अमेरिकेतला सावकार?

साधारण तसंच. आपल्याकडे अडीनडीला सोनं गहाण ठेवतात, तिकडे गिटार, ड्रिल मशिन, लॅपटॉप, अंगठी आणि रायफल ठेवतात. दुकानदार वस्तू बघतो आणि ती विकली तर जेवढे येतील त्याच्या काही हिश्श्याएवढं कर्ज देतो. मुदत साधारण महिनाभराची. व्याज आणि मुदत किती असावी हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. पैसे फेडले की वस्तू परत. नाही फेडले तर वस्तू दुकानाची, आणि बहुतेक राज्यांत विषय तिथेच संपतो. वसुलीचे फोन नाहीत, दारात माणसं नाहीत, क्रेडिट स्कोअरला धक्का नाही.

रायफल या धंद्याला सोयीची वस्तू आहे. ती खराब होत नाही, तिचं मॉडेल जुनं झालं म्हणून भाव कोसळत नाही, आणि टेक्सास किंवा टेनेसीसारख्या राज्यांत तिला गिऱ्हाईक कायम असतं. शिकारीचा हंगाम संपला की रायफल गहाण ठेवायची, पुढच्या हंगामाच्या तोंडावर सोडवून आणायची, असं करणारेही लोक आहेत. ज्यांना सोडवणं जमत नाही त्यांच्या रायफली भिंतीवरच्या रॅकमध्ये जाऊन बसतात. घेणारा येतो तो या रॅकसमोर.

आता मुद्द्याचं. घड्याळं आणि गिटार विकणाऱ्या पॉनशॉपला उद्या सहज बंदुका विकता येत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारचा वेगळा परवाना लागतो. तो एटीएफ देते, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांचा कारभार बघणारी केंद्रीय यंत्रणा. साध्या बंदूक विक्रेत्याचा परवाना 'टाइप ०१' आणि पॉनशॉपवाल्याचा 'टाइप ०२'. हा परवाना घेतला की दुकानात आलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद वहीत करावी लागते: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, कुणाकडून आली, कुणाला गेली.

यातली गंमत बघा. समजा तुम्ही तुमची स्वतःची रायफल गहाण ठेवली आणि महिन्याने पैसे भरून सोडवायला गेलात. रायफल तुमचीच, पावती तुमच्या खिशात. तरी ती हातात देण्याआधी तुमची पार्श्वभूमी नव्याने तपासली जाते, नवा फॉर्म भरावा लागतो. मधल्या महिन्यात तुम्हाला एखाद्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर तुमचीच रायफल तुम्हाला परत मिळत नाही.

(आणि 'पॉन स्टार्स'मध्ये बंदूक आली की १८९८ हे साल वारंवार का ऐकू येतं? कारण १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने पुराणवस्तू आहे. तिला परवानाही लागत नाही आणि तपासणीही.)

हे नियम आले कुठून? एका पोस्टाने आलेल्या जुन्या रायफलीतून

मार्च १९६३. शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाकडे पोस्टाने ऑर्डर आली. ए. हिडेल नावाच्या माणसाला मासिकातल्या जाहिरातीतली रायफल हवी होती. इटालियन सैन्याने टाकून दिलेली, १९४० साली बनलेली कारकानो. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, पोस्टाचा खर्च वेगळा. दुर्बीण बसवलेली रायफल डॅलसच्या एका पोस्ट बॉक्सवर पोचली. ओळखपत्र नाही, तपासणी नाही. हिडेल नावाचा माणूसच नव्हता. ती रायफल मागवली होती ली हार्वी ऑस्वाल्डने, आणि २२ नोव्हेंबर १९६३ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या सुटल्या त्या तिच्यातूनच, असं वॉरन आयोगाने नोंदवलं.

म्हणजे अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात कुप्रसिद्ध रायफल ही सेकंड हँड होती.

तरीही कायदा व्हायला ५ वर्षं लागली. १९६८ मध्ये आधी मार्टिन लूथर किंग आणि मग रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली आणि त्या वर्षी 'गन कंट्रोल ॲक्ट' आला. पोस्टाने थेट घरी बंदूक मागवणं बंद झालं, विक्रेत्यांना परवाना आणि नोंदवही सक्तीची झाली, प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक आला, आणि शिक्षा झालेले गुन्हेगार वगैरे काही गटांना बंदूक ठेवायला मनाई झाली. पण माणूस या गटात बसतो की नाही हे दुकानदाराने कसं ओळखायचं? तर फॉर्मवर गिऱ्हाईक लिहील त्यावरून. खोटं लिहिलं तर गुन्हा, पण खोटं लिहिलंय हे काउंटरवर कळणार कसं?

या फटीतून पुढचा माणूस शिरला तो थेट पॉनशॉपमधून. ऑक्टोबर १९८० मध्ये जॉन हिंकली नावाच्या तरुणाला नॅशव्हिल विमानतळावर बॅगेतल्या पिस्तुलांसह पकडलं. पिस्तुलं जप्त झाली, तो सुटला. काही दिवसांतच तो डॅलसच्या एका पॉनशॉपमध्ये गेला आणि स्वस्तातलं पॉइंट २२ रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर पडला. फॉर्मवर पत्ता खोटा होता. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर ६ गोळ्या झाडल्या. रेगन वाचले. त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी घुसली आणि त्यांना कायमचं अपंगत्व आलं.

ब्रेडी आणि त्यांची पत्नी सेरा यांनी पुढची कित्येक वर्षं एकाच मागणीसाठी घालवली: विक्रीआधी गिऱ्हाइकाची तपासणी. १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी ब्रेडी कायद्यावर सही केली. ३० नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची तात्काळ तपासणी यंत्रणा सुरू झाली. आज पॉनशॉपवाला रायफल देण्याआधी जी चौकशी करतो, ती हीच.

मग काउंटरवर नेमकं होतं काय?

रायफल पसंत पडली, भाव ठरला, की दुकानदार तुमच्या हातात 'फॉर्म ४४७३' देतो (हल्ली अनेक ठिकाणी टॅबलेटवर). नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि मग हो-नाहीचे प्रश्न. तुमच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप किंवा शिक्षा आहे का? तुम्ही फरार आहात का? कोर्टाने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का? घरगुती हिंसाचाराची शिक्षा? नागरिकत्व कुठलं? तुम्ही गांजा किंवा इतर अमली पदार्थांचं बेकायदा सेवन करता का?

गांजाचा प्रश्न बऱ्याच जणांना चकवतो. कोलोरॅडो, कॅलिफोर्निया अशा राज्यांत दुकानातून गांजा घेता येतो, त्यामुळे "माझ्या राज्यात चालतं की" असं वाटतं. पण फॉर्म केंद्र सरकारचा आहे, आणि तिथे ही राज्याची परवानगी गृहीत धरू नका, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. अमली पदार्थांच्याच प्रश्नावर खोटं उत्तर दिल्याबद्दल जून २०२४ मध्ये हंटर बायडेन दोषी ठरले होते. वडील तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. (डिसेंबरमध्ये वडिलांनी माफी दिली तो भाग वेगळा.)

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न: ही बंदूक तुम्ही खरंच स्वतःसाठी घेताय का? मित्राने पैसे दिले आणि त्याच्या वतीने तुम्ही घेतली, तर हा गुन्हा आहे. मित्र स्वतः बंदूक घ्यायला पात्र असला तरी. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने काकांसाठी पिस्तूल घेतलं होतं. काकांना बंदूक बाळगायला कायद्याने कसलीच आडकाठी नव्हती. तरीही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याची शिक्षा कायम ठेवली. २०२२ च्या कायद्याने तर दुसऱ्यासाठी बंदूक घेणं हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा केला, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट देणं मात्र चालतं, जर घेणारा पात्र असेल तर.

फॉर्म भरला की दुकानदार फोनवर किंवा ऑनलाइन तपासणी मागवतो. काही राज्यांत ती राज्याची यंत्रणा करते. उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे जा, थांबा, किंवा नाही. बहुतेकांना काही मिनिटांत "पुढे जा" मिळतं. "थांबा" आलं आणि कामाचे ३ दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. त्याची तपासणी अडकली होती, मुदत उलटली, विक्री झाली. २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकासाठी २०२२ पासून ही मुदत गरज पडल्यास १० दिवसांपर्यंत वाढते.

वयाचं म्हणाल तर केंद्रीय नियमानुसार परवानाधारक दुकानातून रायफल घ्यायला १८ पूर्ण लागतात आणि पिस्तुलाला २१. फ्लोरिडाने पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये रायफलीलाही २१ केलं. आणखी एक फरक असा की पिस्तूल दुकानातून हातात घ्यायचं तर आपल्याच राज्यातल्या दुकानातून, पण रायफल दुसऱ्या राज्यातल्या दुकानात स्वतः जाऊन घेता येते, दोन्ही राज्यांच्या कायद्यात बसत असेल तर.

राज्याराज्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेक्सासमध्ये केंद्राची तपासणी झाली की रायफल गाडीत टाकून निघायचं. कॅलिफोर्नियात १० दिवस थांबावं लागतं. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास आपली बरीच मंडळी राहतात, आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. इलिनॉयमध्येही बंदूकधारकाचं कार्ड लागतं. त्यामुळे डॅलसमधल्या चुलतभावाचा अनुभव जर्सी सिटीत कामाला येत नाही.

एवढं सगळं तपासलं. पण रायफलीचं काय?

ही खरी मेख आहे. वर वाचलेली सगळी यंत्रणा घेणाऱ्या माणसाची आहे. रायफल चांगली आहे का, सुरक्षित आहे का, तिचा चाप आपोआप सुटतो का, हे तपासायला कुणीही बांधील नाही.

टोस्टर, पाळणा किंवा हेल्मेट सदोष निघालं तर ते बाजारातून परत मागवायला लावणारी ग्राहक सुरक्षा यंत्रणा अमेरिकेत आहे. १९७२ मध्ये ती उभी करणाऱ्या कायद्यातूनच बंदुका वगळल्या गेल्या. सदोष रायफल परत मागवायची की नाही हे कंपनीवर सोडलंय. बरं, कंपनीने परत मागवलीच, तर ती पत्र पाठवणार पहिल्या मालकाला. पॉनशॉपमधली रायफल तर तिसऱ्या-चौथ्या हातातली. आणि ती कुणाकडे आहे याची मध्यवर्ती यादीही नाही, कारण बंदूकमालकांची तशी केंद्रीय नोंद बनवायला १९८६ च्या कायद्यानेच बंदी घातली आहे.

हे पुस्तकी वाटत असेल तर रेमिंग्टन ७०० चं उदाहरण घ्या. १९६२ पासून बनणारी, शिकाऱ्यांची अतिशय लाडकी बोल्ट रायफल. पॉनशॉपच्या रॅकवर ती हमखास दिसते. तिच्या जुन्या ट्रिगरबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी होत्या की चाप न ओढताच गोळी सुटते. माणसं मेल्याचे आरोप झाले, खटले झाले. कंपनीने दोष नाकारला, पण शेवटी सामूहिक खटल्यात तडजोड करून ट्रिगर बदलून द्यायची तयारी दाखवली. नव्या ट्रिगरचंही तेच. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या, त्या ट्रिगरच्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या आणि मालकांना सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत वापरू नका. पुढे मूळ कंपनीने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी जाहीर केली आणि तिचे तुकडे विकले गेले.

यातली एखादी न बदललेली रायफल आज कुठल्या तरी पॉनशॉपच्या रॅकवर किंमतीची चिठ्ठी लटकवून उभी असू शकते. काउंटरवरच्या पोराला यातलं काही माहीत असेलच असं नाही. तो सकाळपासून गिटार आणि लॉनमोवर पण विकतोय. म्हणून अनुक्रमांक बघून ती त्या यादीत होती का आणि ट्रिगर बदलल्याचा पुरावा आहे का, हे घेणाऱ्याने स्वतः शोधायचं.

जाणकार लोक काउंटरवर काय करतात? सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का ते स्वतः बघतात. विकणारा म्हणाला "रिकामी आहे", तरीही. नळी सुरक्षित दिशेला, बोल्ट उघडा, मॅगझिन बाहेर, आत बोट घालून खात्री. मग छोटा टॉर्च टाकून नळीत बघतात. आत पिळासारख्या खाचा असतात, त्याच गोळीला फिरकी देतात. या खाचा धारदार दिसायला हव्यात. काळे डाग, खड्डे, गंजाचे ठिपके दिसले तर रायफल वापरून तशीच ठेवून दिलेली होती. नळीचं तोंडही बघायचं, कारण तिथे टवका उडाला असेल तर नेम भरकटतो.

नंतर लाकडी दस्ता. मनगटाएवढ्या निमुळत्या भागात बारीक चीर असते, आणि ती पॉलिशखाली लपवता येते. नळी आणि लाकूड जिथे भिडतात तिथे, आतल्या बाजूला गंज साठतो. ताजं तेल चोपडलेली चकचकीत रायफल बघून खूश व्हायचं कारण नाही. सेफ्टी लावून चाप दाबायचा, सेफ्टी काढायची, आणि बघायचं की चाप स्वतःहून पडतो का. पण हे करण्याआधी विचारायचं. पॉइंट २२ च्या काही रायफली रिकाम्या झाडल्या तर फायरिंग पिन नळीच्या कडेवर आदळून खराब होते, आणि तुम्ही अजून तिचे पैसे दिलेले नसतात.

एक गोष्ट काउंटरवर डोळ्यांनी दिसत नाही. तिला 'हेडस्पेस' म्हणतात. काडतूस नळीत बसल्यावर त्याच्या मागे आणि बोल्टच्या तोंडामध्ये किती फट राहते, ते हे माप. फट जास्त झाली तर काडतूस फुटून गरम वायू थेट चेहऱ्याकडे येऊ शकतो. कारागिराकडे यासाठी 'गो' आणि 'नो-गो' नावाची मापं असतात. जुन्या सैनिकी रायफलीत ही भीती जास्त, कारण त्यांचे बोल्ट एकीचे दुसरीला लागलेले असतात. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का हे म्हणूनच बघतात. अमेरिकेची स्वतःची एम१९०३ घ्या. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेल्या, ८ लाखांखालच्या क्रमांकाच्या रायफलींचं पोलाद चुकीच्या तापमानात तापवल्यामुळे ठिसूळ निघालं होतं. शंभर वर्षं जुनी गोष्ट आहे ही, पण त्या रायफली अजून हातोहात फिरतायत, आणि त्या झाडू नका हा सल्लाही.

जाता जाता एक ओळखीची वस्तू. अमेरिकन दुकानांत जुन्या सैनिकी रायफलींच्या रांगेत कधीकधी बंगालच्या इशापूर कारखान्यात बनलेली भारतीय रायफल सापडते. ती दिसते थेट आपल्या थ्री-नॉट-थ्रीसारखी, जी २६/११ ला सीएसटीवर मुंबई पोलिसांच्या हातात होती. पण १९६२ च्या युद्धानंतर बनवलेलं तिचं २ए हे मॉडेल थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस घेत नाही, ७.६२ चं घेतं. नुसत्या दिसण्यावरून काडतुसं घेतली तर चुकीची येणार. नळीवर कोरलेलं माप वाचायचं, आणि जुन्या रायफलीवर तेही डोळे झाकून मानायचं नाही, कारण मधल्या एखाद्या मालकाने नळीचं तोंड वाढवून दुसऱ्या काडतुसासाठी करून घेतलेलं असू शकतं. तिकडचे संग्राहक जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही खूण शोधतात, ती आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्याची.

आणि मोजपट्टी. रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा कमी असेल किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी भरत असेल, तर ती १९३४ च्या वेगळ्या कायद्याखाली येते आणि तिची केंद्राकडे नोंदणी लागते. आधीच्या कुणी हौसेने नळी कापली असेल, तर नोंद नसलेली ती रायफल ज्याच्या हातात सापडेल तो गुन्हेगार.

चोरीची निघाली तर?

पॉनशॉपमध्ये चोरीचा माल येतो हा समज जुना आहे. बऱ्याच शहरांत आणि राज्यांत दुकानाला रोजचे व्यवहार पोलिसांना कळवावे लागतात आणि अनुक्रमांक चोरीच्या यादीशी ताडून बघितले जातात. त्यामुळे परवानाधारक पॉनशॉप हे अनोळखी माणसाच्या गाडीच्या डिकीतून रायफल घेण्यापेक्षा खूपच बरं. खासगी विक्रीत केंद्रीय कायद्याने तपासणी लागतच नाही, अनेक राज्यांनी ती स्वतः लावली आहे. पण विक्रीनंतर चोरीची तक्रार जुळलीच, तर पोलीस रायफल घेऊन जातात. पैसे परत मिळवणं हा तुमचा आणि दुकानाचा प्रश्न. अनुक्रमांक घासलेला दिसला तर भाव विचारायचीही गरज नाही. तशी बंदूक जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. फक्त १९६८ च्या आधीच्या काही स्वस्त रायफलींवर अनुक्रमांक मुळातच नसतो.

आता व्हिसावाल्यांचं

एफ-१ वर शिकायला गेलाय? एच-१बी वर नोकरी करताय? आईबाबा बी-२ वर फिरायला आलेत? हे सगळे 'नॉन-इमिग्रंट' व्हिसा आहेत, आणि या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. व्हिसावाल्यांसाठी मोठा अपवाद एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो असेल तर फॉर्मवर तसं नोंदवून, कागद जोडून रायफल घेता येते.

बरेच जण म्हणतील, आम्हाला कुठे रायफल घ्यायचीये. पण इथे 'जवळ ठेवणं' याचा अर्थ मालकी असा नाही. शूटिंग रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल अर्धा तास हातात धरणं हेही जवळ ठेवणंच आहे. लाँग वीकेंडला मित्रांसोबत रेंजवर गेलो, एक रील केला, टाकला इन्स्टावर. शिकारीचा परवाना नसलेल्या एफ-१ विद्यार्थ्यासाठी ते रील म्हणजे स्वतःविरुद्ध तयार केलेला पुरावा आहे.

असं खरंच कुणाला भोवलंय का? हो. संयुक्त अरब अमिरातीचा एक विद्यार्थी फ्लोरिडात शिकत होता. मार्क कमी पडले, विद्यापीठाने काढून टाकलं आणि कळवलं की तुझा इमिग्रेशन दर्जा संपणार आहे. तो परत गेला नाही. पुढे एका रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका चालवल्या. तेवढ्यावर खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल त्याच्या बाजूने फिरवला, कारण आपण बंदूक ठेवू न शकणाऱ्या गटात आहोत हे त्या माणसाला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं, असं कोर्टाने ठरवलं. दिलासा मोठा होता, पण तोवर काही वर्षं कोर्टकचेरीत गेलेली होती. आणि हा लेख इथवर वाचलेल्या माणसाला "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

सध्या या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. फॉर्मवर खोटं लिहिण्याची १० वर्षं. आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं, ग्रीन कार्ड असलं तरी. रूममेट अमेरिकन नागरिक आहे आणि त्याची रायफल घरात आहे, अशी परिस्थिती असेल तर ती त्याच्या कुलपात राहू दे. किल्ली तुमच्याकडे नको.

आपल्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने चालतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात आधी परवाना, मग बंदूक. जुनी बंदूक एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जायची तर पोलीस ठाण्याला किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन. निवडणूक लागली की त्याही ठाण्यात जमा करायला सांगतात. परवानाधारक आजोबा गेले, तर त्यांची रायफल नातवाच्या नावाने परवाना होईपर्यंत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी लागते. ती घेऊन जाऊन उसने पैसे उचलता येत नाहीत.

शेवटचं एक काम, ग्रीन कार्ड किंवा शिकारीचा परवाना असलेल्यांसाठी. सुट्टीला भारतात येताना, रेंजवर किंवा शिकारीला नेलेली सॅक घेणार असाल, तर तिचे सगळे कप्पे उलटे करून झटका. विसरून राहिलेलं एक जिवंत काडतूस दिल्ली किंवा मुंबई विमानतळाच्या स्कॅनरमध्ये दिसलं, तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा नोंदवला जातो. काडतूस जाणूनबुजून ठेवलं नव्हतं हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, पण त्यासाठी वकील लावून हायकोर्टात जावं लागतं.